चरबीत बसलेलं

नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत न्हाई. पन हितं घेतल्याबिगर कुनाला कळायचं न्हाई मी कुनाचं सांगतीया, म्हनून एकदाच घेती. सिद्धनाथ. मुळशी तालुक्यातलं माले, त्याच्या वरच्या अंगाला आमची धनगरांची वस्ती, तितल्या बिरू धनगराचा थोरला ल्योक. झालं. आता फुडं 'हे' म्हनीन.

मी पल्लवी. पल्लवीचं तोंड म्हंजे देवळावरचा भोंगा, असं माजी सासू सारजाबाई चारचौघांत म्हनती. खरं हाय. पन ज्या गोष्टीत तोंड उघडायला पायजे व्हतं त्यात मी उघडलं न्हाई. तेच सांगायला बसलीया.

हे बावधनच्या एका शाळंची बस चालवायचे. नऊ वरसं. त्याच बसवर मी ताई. ताईचं काम म्हंजे पोरं चढवायची, उतरवायची, वकली तर पुसायचं, भांडली तर कान धरायचा. कान धरायची आता परवानगी न्हाई, मग नुसतं डोळं वटारायचं. सकाळी आमी दोघं माल्यावरनं मोटारसायकलीनं पिरंगुटला यायचो, तितनं बस घ्यायची, मग भुकूम, भूगाव करत बावधन. शाळंतल्या बाया हसायच्या, घरात पुरत न्हाई का, हितंबी नवरा-बायको. मी म्हनायचे, घरात माज्या मागं असत्यात, हितं फुडं असत्यात, तेवढाच फरक.

यांना पोरांची नावं पाठ नव्हती, ठिकानं पाठ व्हती. भूगावच्या वळनावर एका पोरीला रोज मळमळायचं, तिला हे 'भूगावची मळमळ' म्हनायचे. एक रडकं पोर व्हतं, ते 'निळं गेट'. "निळं गेट आज हसतंय गं, बाप घरी दिसतोय," असं आरशात बघून सांगायचे. गाडी अशी चालवायचे की मागं उभ्या बाईच्या हातातला चहा हिंदकळू नये. शाळंत कुनी नवा ड्रायव्हर आला की शरदचंद्र सर, म्हंजे शाळंच्या गाड्या बघनारे साहेब, त्याला आधी आठ दिवस यांच्या शेजारी बसवायचे.

मग एकनाथ गेला.

एकनाथ माजा धाकटा दीर. शेळ्यांमागं त्याचा जीव लागंना, म्हनून यांनीच त्याला बावधनच्या एका बांधकामावर लावून दिला व्हता. सहाव्या मजल्यावरनं पडला. यांना फोन आला तवा बस भुकूमला व्हती, दुपारची फेरी, बावीस पोरं आत. हे फोनवर "बरं" म्हनाले आन फोन खिशात ठेवला. एकेक पोर ज्याच्या त्याच्या दारात सोडलं. शेवटचं पोर उतरलं, मग बस रस्त्याच्या कडंला घेतली, इंजान बंद केलं आन मला म्हनाले, "एकनाथ गेला." पाऊन तास ते मानूस ही गोष्ट पोटात घिऊन गाडी चालवत व्हतं आन मला मागं काय बी कळलं न्हाई. वळनाला वळन बराबर. ब्रेकला ब्रेक बराबर.

हे रडले न्हाईत. त्या दिवशी न्हाई, दहाव्याला न्हाई, तेराव्याला न्हाई. आत्याबाई, म्हंजे माजी सासू, छाती बडवून घेत व्हत्या, सासरं, मामंजी, भिताडाला टेकून बसले व्हते, आन हे पावन्यांना पानी देत व्हते. बाराव्या-तेराव्यानंतर लगेच कामावर. लोक म्हनाले, घट्ट मानूस. मी बी म्हनलं, घट्ट मानूस. अहो कसला घट्ट! आतनं समदं गोठलं व्हतं.

गांजा कुनी दिला, कधी दिला, मला ठाव न्हाई. आधी आठवड्यातनं एकदा, मग रोज. सांजच्याला शेळ्या वाड्यात घातल्या की वाड्याच्या मागं जायचे आन तिकडनंच वास यायचा. पयल्यांदा मी आवाज केला. "पोरगी हाय घरात, लाज हाय का?" म्हनलं. हे म्हनाले, "डोकं गप बसतंय त्यानं." भांडले असते तर मी बी भांडले असते. पन असं शांतपनी सांगितलं की मला फुडं बोलताच येईना. मग मी बी म्हनलं, बसू दे गप. कुनाला तरास हाय का? दारू पिऊन मारत न्हाईत, पगार आनून हातावर ठेवत्यात. शेजारच्या बायांचं बघितलं की वाटायचं, आपलं बरं हाय.

बरं कसलं. जेवताना भाजीत मीठ नसलं तरी कळायचं न्हाई यांना. दीपाली, आमची पोर, तिनं कागदाची बाहुली करून दाखवली तर "हां" म्हनायचे आन बाहुलीकडं न बघता परत द्यायचे. घरातनं एकच मानूस गेला असं लोक धरून चालले व्हते. दोन गेले व्हते. आन मलाबी हळूहळू त्याचं काय वाटेनासं झालं. सकाळी उठायचं, बस, पोरं, भाकरी, झोप. दीड वरीस असं गेलं.

एप्रिलात शरदचंद्र सरांनी समद्या ड्रायव्हरांना पार्किंगमधी गोळा केलं आन कागद वाचला. शाळंच्या गाड्या आतापतुर ठेकेदाराच्या व्हत्या, आता शाळा सोता घेनार. जे ड्रायव्हर बसतील ते कायम. कायम झालेल्याच्या पोराला शाळंत फुकट जागा. फकस्त मुताची तपासनी व्हनार, दारू, गांजा, गोळ्या, समदं बघनार. ज्याच्यात सापडलं त्याला घरी पाठवनार. तारीख चार मे.

आमची दीपाली जूनला पयलीत जायची व्हती. त्या शाळंत मी नऊ वरसं दुसऱ्यांच्या पोरांची दप्तरं उचलली. निळा फ्रॉक, पांढरे मोजे, दोन येन्या. ते समदं दीपालीच्या अंगावर मला दिसायला लागलं. खोटं कशाला बोलू, मला नवऱ्याची काळजी नव्हती तेवढी त्या फ्रॉकाची व्हती.

आठ दिवस हातात. मी यांना म्हनलं, आता तरी बंद करा. यांनी त्या दिवसापासनं बंद केलं बी. पन आठ दिवसांत दीड वरीस कसं निघंल? तवा मला निषाद आठवला. निषाद म्हंजे माज्या मावसबहिनीचा दीर, नेऱ्याला ऱ्हातो, हिंजवडीच्या एका कंपनीत कामाला. चार इंग्रजी शब्द येतात म्हनून सोताला डागदर समजतो. म्हनाला, "वहिनी, टेन्शनच घेऊ नका. डिटॉक्स ड्रिंक मिळतं. एक बाटली मारली की बॉडी एकदम क्लीन. आमच्या फ्लोअरवरचे सगळे तेच करतात." मी इचारलं, आन पास झालेत का? तर म्हनं, "कोणी सांगत नाही ओ तसं." तितंच मला कळायला पायजे व्हतं. पन गरजवंताला अक्कल नसती, खरं हाय ते. बाटली मागवली.

हिरवी बाटली. वर झाडाचं पान, आत सरबतावानी काय तरी. तपासनीच्या आधी दीड तास ही प्यायची, वरनं तीन लिटर पानी. घोट घिऊन हे म्हनाले, "लिमलेटच्या गोळ्या इरघळल्यावानी लागतंय."

आत्याबाईंना आमी सांगितलं नव्हतं, पन त्यांच्यापासनं काय लपतंय. शेळीनं भलतासलता पाला खाल्ला, पोट फुगलं, तर आमच्यात तिला नळीनं पाजत्यात. ताक, ओवा, गूळ, चिमूटभर हळद. तोंड वर धरायचं, नळी घशात सारायची, ओतायचं. घटकाभरानं शेळी समदं बाहेर काढती आन चरायला लागती. आत्याबाई म्हनाल्या, "इख पोटात गेलं तर पोटातनं काढायचं. त्यात काय मोठं?" चार मेच्या पहाटं त्यांनी गडवाभर ते पाजलं. नळी तेवढी वापरली न्हाई. मी बी म्हनलं, बाटली हाय, वरनं हेबी असू द्या. देवाला एक नारळ फोडलं काय, दोन फोडली काय.

मग पानी. हे पीत ऱ्हायले. मी तांब्या भरून देत ऱ्हायले. तीन लिटर म्हनलं व्हतं, मी म्हनलं सहा प्या, जास्त धुतलं तर जास्त निघंल. ही माजी अक्कल. कापडं धुवावीत तसं नवऱ्याला धुवायला निघाले व्हते. यांनी एकदा सुदिक न्हाई म्हनलं न्हाई. देशील ते पितो, सांगशील तितं जातो, असं. त्या येळी मला ते बरंच वाटलं.

शाळंत लॅबवाले आले व्हते. एका वर्गात मेज मांडलेलं, बाहेर संडासाच्या दारात एक मानूस उभा. यांनी पेला भरून आनला. लॅबच्या शुभांगी म्हनून एक बाई व्हत्या, चष्मा, केसांत पेन खोवलेला. त्यांनी पेला उजेडाकडं धरला आन यांच्याकडं बघितलं. हे बाहेर आले आन पायरीवर बसले. डोकं धरलं. मी जवळ गेले तर म्हनाले, "पल्लवे, शब्द जड झाल्यात." आन भडाभडा वकले. पानीच पानी. त्यात ताकाचा वास.

शुभांगीताई धावत आल्या. किती पानी प्याले इचारलं, मी सांगितलं, तर त्यांनी माज्याकडं असं बघितलं की जनू मीच इख घातलं व्हतं. मीठ-साखरंचं पानी दिलं, सावलीत झोपवलं, अर्धा तास नाडी धरून बसल्या. "अहो, एकदम इतकं पाणी प्यायल्यानं रक्तातलं मीठ उतरतं. माणूस फिट येऊन जातो यात. परत डोकं दुखलं, बोलणं अडखळलं, तर थेट दवाखान्यात न्यायचं, माझी वाट बघायची नाही."

मग मला बाजूला पान्याच्या टाकीपाशी घेऊन गेल्या. "बाटली घेतली ना?" म्हनाल्या. मी मान हलवली. "दर शिबिरात कोणी ना कोणी असतंच. ऐका आता. गांजा पोटात नसतो. तो ओढला की चरबीत जाऊन बसतो आणि तिथून रोज थोडा थोडा सुटतो. कुठलं सरबत, कुठला काढा त्याला ओढून काढत नाही. बाटलीनं एवढंच होतं, की पाणी जास्त आणि लघवी पातळ. आणि ते आम्हाला कळतं. माणसाच्या लघवीत जे असायलाच हवं तेच नसतं, त्याचाही आकडा येतो."

"मग कशानं निघतं?" मी इचारलं.

"न ओढण्यानं. बास. एखाद्यानं कधीतरी ओढला तर चार-पाच दिवसांत जातो. रोजच्याला महिना लागतो, कुणाला त्याहून जास्त. मी तारीख सांगू शकत नाही, आणि सांगणारा कोणी भेटला तर तो खोटं बोलतोय."

चार दिवसांनी कागद आला. नमुना पातळ, ग्राह्य नाही. शरदचंद्र सर यांना म्हनाले, "सिद्धनाथ, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. दहा जूनला दुसरं शिबिर आहे, त्यात ये. पुन्हा पाणी आणलंस तर मला काही करता येणार नाही." हे "बरं" म्हनाले. त्याच आवाजात, ज्या आवाजात एकनाथच्या फोनला म्हनाले व्हते.

त्या सांजंला आंगनात मी आत्याबाईंना समदं सांगत व्हते, बाटलीचं, चरबीचं. मामंजी जरा लांब बोकडाची खुरं कापत बसले व्हते. बिरू धनगर म्हंजे दिवसाला चार शब्द बोलनारा मानूस. ते वर न बघता म्हनाले, "मला इचारलं असतं तर सांगितलं असतं."

"तुमाला काय ठावं वं गांजाचं?" आत्याबाई म्हनाल्या.

"गांज्याचं न्हाई. चरबीचं." त्यांनी बोकडाचा दुसरा पाय घेतला. "बोकड उग्र पाल्यावर वाढला तर त्याच्या चरबीला त्यो वास बसतुया. खाटीक नाकानं वळखतुया. म्हनून इकायच्या आधी म्हयनाभर नुस्त्या वाळल्या गवतावर ठेवायचा. उन्हातान्हात हिंडवायचा. पानी जास्त पाजून वास जात न्हाई. नळी घालून जात न्हाई. म्हयना द्यावा लागतुया."

नऊ वरसं मी त्या घरात बोकडं इकायला निघताना बघितली, म्हयनाभर येगळी बांधलेली बघितली, आन नेऱ्याच्या निषादला इचारायला गेले. रोग रेड्याला आन औषध पखालीला. आत्याबाईंनी सुदिक चाळीस वरसं त्याच बोकडांना गवत घातलं, पन त्यांनाबी नळीच आठवली.

चार मे ते दहा जून, सदतीस दिवस. शाळंला सुट्टी व्हती. हे मामंजींबरुबर शेळ्यांमागं जायला लागले. सकाळी निघायचे, सांजंला यायचे, अंगावर घामाचे पांढरे पट्टे.

पयला आठवडा लई वंगाळ गेला. झोप न्हाई, भूक न्हाई, कापडं घामानं चिंब. चिडचिड तर इचारू नका. दीपालीच्या हातनं तांब्या पडला म्हनून असे खेकसले की पोरगी माज्या मागं लपली. आन सांगू का, मला आनंद झाला. बाई गं, मानूस वरडला! दीड वरसात वरडला नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात भाजीत मीठ कमी हाय म्हनाले. तिसऱ्यात, एका दुपारी, माळावर भाकरी घिऊन गेले तर हे करवंदीच्या जाळीपाशी बसले व्हते. म्हनाले, "त्याला उंचीचं भ्या वाटायचं. लहानपनी झाडावर चढायचा न्हाई. मला ठावं व्हतं ते. तरी लावला." आन रडायला लागले. मोठ्यानं. शेळ्या मान वर करून बघत व्हत्या. मी जवळ बसले, हात पाठीवर ठेवला. मला रडू आलं न्हाई. मला वाटलं येईल, पन आतनं काय हललंच न्हाई. यांचं गोठलेलं सुटलं आन माजं तसंच ऱ्हायलं व्हतं, हे मला तवा कळलं. पन बरं वाटलं, खोटं न्हाई. त्या दिवशी म्हनलं, नवरा घरी आला.

दहा जूनला हे एक तांब्या पानी पिऊन गेले. शुभांगीताईंनी पेला उजेडाकडं धरला आन मान हलवली. शुक्रवारी, तेरा तारखंला, कागद आला. सापडलं न्हाई. कोरा. शरदचंद्र सरांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला, कायम केल्याचं पत्र दिलं, आन मला इचारलं, "मुलीचा फ्रॉक शिवायला टाकला का?" सोमवारी शाळा सुरू व्हायची व्हती.

आत्याबाईंनी पुरनाचा घाट घातला. मामंजींनी सुदिक पत्राचा कागद हातात घिऊन उलटासुलटा बघितला. दीपाली अंगनात नाचली. सांज झाली, शेळ्या वाड्यात घातल्या. मी चुलीपाशी पोळी टाकत व्हते.

आन वाड्याच्या मागनं वास आला.

मी उठले न्हाई. तव्यावरची पोळी करपली. आत्याबाई म्हनाल्या, "अगं, ध्यान कुटं हाय?" मी ती काढली, दुसरी टाकली. मामंजींनी वाड्याकडं बघितलं, मग माज्याकडं, आन खाली बघून जेवायला लागले. हे आले, हात धुतले, बसले. मी फकस्त एवढंच म्हनलं, "आता कशापायी?" हे म्हनाले, "तपासनी झाली की." डोळं परत तसेच. तेलकट काचंच्या मागनं बघितल्यावानी. पुरनात गूळ कमी पडला व्हता, त्यांना कळलं न्हाई.

आता एक गोष्ट मी आतापतुर सांगितली न्हाई. मुद्दाम सांगितली न्हाई. तुमाला वाटलं असंल, सांजंला घराच्या मागं ओढतंय मानूस, कुनाला काय. मलाबी तसंच सांगत आले मी, सोताला.

फेब्रुवारीतली गोष्ट हाय. सकाळची फेरी झाली की दुपारच्या सुटीपतुर बस बावधनच्या मोकळ्या प्लॉटवर उभी असती. त्या दिवशी मी डबा खाऊन आले तर बसच्या मागं तोच वास. घरचा वास हितं. मी काय बोलले न्हाई. दुपारी पोरं भरली. बसमधी आमची रीत अशी, पोर खाली उतरलं, आईच्या हातात गेलं, की मी पत्र्यावर दोन थापा मारायच्या, मगच गाडी हलायची. नऊ वरसात हे थापंबिगर हलले न्हाईत. भूगावला एक बालवाडीची पोरगी उतरत व्हती. एक पाय पायरीवर, एक खाली, दप्तराचा पट्टा दाराच्या दांडीत अडकलेला. मी थाप मारलीच नव्हती. आन गाडी हलली.

मी पोरीची कॉलर धरली. पोरगी हवेत, दप्तर दारात, मी पायानं पत्र्यावर लाथा घालतीया. गाडी थांबली. दोन हात गेली असंल. पोरगी हसायला लागली, तिला वाटलं ताई खेळतीया. समोरनं तिची आई येत व्हती, तिला दिसलं न्हाई. मागचं चाक पोरीच्या बुटापासनं वीतभर. हे मागं वळले आन इचारलं, "काय झालं?"

मी म्हनलं, "काय न्हाई. पट्टा अडकला व्हता."

आन दोन थापा मारल्या.

हेच व्हतं ते. समद्यांनी, नवऱ्याच्या मुतातनं गांजा कसा काढायचा, यावर डोकं चालवलं. निषादनं, आत्याबाईंनी, मी. बसमधल्या अडतीस पोरांचं कुनी बोललं न्हाई. मीबी न्हाई, जिच्या हातात ती कॉलर व्हती. सोमवारी दीपाली त्याच बसमधी बसनार व्हती, निळ्या फ्रॉकात. आपली पोर म्हनल्यावर मला चाक दिसायला लागलं, आधी दिसलं न्हाई. एवढी मी स्वार्थी.

शनिवारी सकाळी मी एस्टीनं एकटी बावधनला गेले. शरदचंद्र सर सोमवारच्या याद्या करत व्हते. मी उभ्या उभ्याच सांगितलं. दीड वरीस सांगितलं, बाटली सांगितली, कालची सांज सांगितली, फेब्रुवारी सांगितला. सरांनी पेन खाली ठेवला.

"तेव्हा का नाही सांगितलंत?"

"नवरा हाय माजा."

"आणि आज?"

"आज बी नवराच हाय."

ते म्हनाले, दोघांनाबी ठेवता येनार न्हाई, कळतंय ना? मी म्हनलं, कळतंय. मुलीची जागाबी जाईल. मी म्हनलं, जाऊ द्या. पौडाला एक दवाखाना हाय, व्यसन सोडवायचा, त्याचा नंबर त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिला. मी ती पदराच्या गाठीत बांधली आन निघाले. बाहेर बसा धुऊन उभ्या व्हत्या. आमच्या बसवर नवीन पट्टी मारली व्हती. मला काय वाटलं म्हनाल तर, काय वाटलं न्हाई. उन लागत व्हतं, तेवढं कळत व्हतं.

दुपारी घरी आले. हे वाड्यात एका पाटीच्या, म्हंजे तरन्या शेळीच्या, पायातला काटा काढत व्हते. मी दारात उभी ऱ्हायले.

"सायबाला सांगून आले," मी म्हनलं. "समदं. फेब्रुवारीतलं बी."

मला वाटलं वरडत्याल. वरडावं असंच वाटत व्हतं. हे काटा काढत ऱ्हायले. निघाला. बोटावर घिऊन बघितला, टाकून दिला.

"मला दिसलं व्हतं ते," म्हनाले. "आरशात. पोरगीबी, चाकबी."

"मग मागं वळून 'काय झालं' म्हनून कशापायी इचारलंत?"

यांनी पाटीचा पाय खाली सोडला.

"तू सांगशील म्हनून."